घरच्या डब्यातली मेथी

डॉक्टर एवढंच बोलले, "पालेभाज्या बंद." का बंद, ते सांगताना त्यांची जीभ झिजत हुती काय? भैरवी माझी भावजय, अभिरामची बायको. पंचविशीतली पोर. मिरजेला तिच्या हृदयात नवी झडप बसवलेली. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, महिन्याला रक्ततपासणी, आणि पालेभाजी बंद. झालं, पुढचा पेशंट!

कोल्हापूर येईस्तोवर आईनं त्याचा अर्थ लावला. "बरोबर हाय की त्यांचं. मंडईतली भाजी कुठली? गटारीच्या पाण्यावरची. तिथंच पिकवायची, तिथंच धुवायची. ऑपरेशन झालेल्या पोरीला कोण देईल ते?" आम्हाला सगळ्यांना पटलं. सत्त्याण्णव साली आमच्या पेठेत कुणालाबी पटलं असतं.

मग आईनं गच्चीवर संसार मांडला. तेलाचे, डालड्याचे रिकामे डबे गोळा केले, तळाला खिळ्यानं भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं. मेथी रात्रभर भिजवून पेरली, धने चपलेखाली रगडून फोडले, पोकळ्याच्या भाजीचं बी नुसतं भुरभुरलं. पाणी नळाचं, तेबी फडक्यातनं गाळून! मला हसू आलं, तर माझ्यावरच खेकसली, "दात काढू नगंस. पोरीच्या अंगात थेंबभर रगात न्हाय. हिरवं खाल्ल्याबिगर कुठनं येणार?"

पहिली तपासणी चांगली आली. त्याच आठवड्यात मेथी कापणीला आली, मागोमाग पोकळा. मग सकाळी मेथी, रात्री पोकळा, वर कोथिंबीर. भैरवीला माहेरी आई न्हवती, त्यामुळं सासूच्या हातचं ती नाही म्हणायची न्हाय. "आत्ती, आता मी शेळीगत बें करणार बघा," म्हणत हसायची, आणि खायची. आई तिच्याकडं बघत बसायची. किती वर्षांनी आईला एवढी खुशीत बघत हुतो आम्ही.

दुसऱ्या तपासणीच्या आधीच्या रविवारी, भाकरी मोडता मोडता भैरवीचा हात गळून पडला. तोंड वाकडं झालं. मिरजेला नेईपर्यंत तिनं डोळं उघडलं न्हाईत.

"रक्ताची गाठ मेंदूत गेलीय," डॉक्टर म्हणाले. "गोळी चुकली काय?"

"एकबी न्हाय," अभिराम म्हणाला.

"मग खाण्यात काय बदल?"

आई पुढं झाली. तसल्या वेळीबी तिचा आवाज ताठ हुता. "दोन्ही वेळ पालेभाजी, डॉक्टरसाहेब. पन घरची! बाहेरचं एक पान शिवू दिलं न्हाय तिला."

डॉक्टरांचा चेहराच उतरला. त्यांनी मला बाजूला घेतलं. पालेभाजीनं त्या गोळीचा गुण मरतो, रक्त परत गोठायला लागतं, मग ती भाजी घरची असो का देवाच्या दारची. त्यांना म्हटलं, "हे तवा सांगाय काय झालतं तुम्हाला? आता माझ्या आईला सांगाल तर बघा. तवा गप बसलासा, तसं आताबी बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरवी गेली.

दिवसकार्य झाल्यावर आई माझ्या मांडीवर डोकं टाकून पडली हुती. "माझंच चुकलं बघ," म्हणाली. कुणी सांगितलं हिला?

"मेथी आधीच पेराय पायजे हुती," ती हुंदके देत म्हणाली. "दोन महिने आधी पोटात गेली असती, तर वाचली असती पोरगी."

तिच्या केसांवरनं हात फिरवत मला म्हणावं लागलं, "व्हय, आई."