झाकून ठेवलेली गाडी

क्लच दाबताना औषधाच्या दुकानातल्या बाईंची टाच गाडीच्या तळातून खाली गेली. गाडी सिग्नलला उभी होती म्हणून निभावलं. बाईंनी पाय वर ओढून घेतला, पण चप्पल रस्त्यावरच राहिली. शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्या मॅडमनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला आणि वाकून पाहिलं. पायपुसणं खाली लोंबत होतं आणि बशीएवढ्या भोकातून डांबर दिसत होतं.

"माझं वजन एवढं वाढलंय का हो?" बाईंनी विचारलं.

"तुमचा काही दोष नाही," मॅडम म्हणाल्या. उतरून चप्पल घेऊन आल्या, पुन्हा बसल्या. "सिग्नल सुटला की पहिला गिअर. पाय जरा पुढे ठेवा."

गावात तिला सगळे मॅडम म्हणत, घरात ती ताई. आपणही ताईच म्हणू. गाव समुद्राला लागून होतं. वाऱ्यातलं मीठ खिडक्यांच्या काचांवर पांढरं बसायचं, कात्री चार दिवस वापरली नाही की उघडायची नाही, आणि दुकानाचं शटर वर करताना हाताला तांबडा भुगा लागायचा. ताईची गाडी जुनी, आणि रात्रंदिवस घरासमोर उघड्यावर उभी. तिच्या समुद्राकडच्या बाजूची दारं एकदा बदलून झाली होती. तरी ताई तीच गाडी धरून होती. बापाकडे याच मॉडेलची होती, त्याने तिला तीवरच शिकवलं होतं, आणि गिअर नक्की कुठे अडकतो हे शिकाऊ माणसाला सांगायच्या आधी तिच्या हाताला कळायचं.

गाड्यांचा पत्रा दुरुस्त करणाऱ्या डेंटरचं वर्कशॉप बर्फाच्या कारखान्यामागे होतं. त्याने गाडी वर चढवली, खाली उभा राहून स्क्रूड्रायव्हर लावला. तो दांड्यापर्यंत आत गेला आणि तांबडे पापुद्रे त्याच्या कपाळावर पडले.

"मॅडम, इतकी वर्षं मी पत्र्याला पत्रा जोडत आलो," तो म्हणाला. "आता जोडायला धरू कशाला?"

"एकदा करून बघा."

"सीटबेल्ट जिथे बांधलाय ती पट्टी हाताने तुटतेय. तुम्ही एकट्या बसणार असता तर तुमच्या हट्टापायी केलंही असतं. यात शिकणारी माणसं बसतात."

तिने आपल्या बाजूचे क्लच आणि ब्रेक, म्हणजे शिकवणाऱ्याचे जादाचे पेडल, तेवढे काढून ठेवायला सांगितले.

"याच मॉडेलची दुसरी मिळाली तर हे बसतील?"

"जसेच्या तसे. पण इथे शोधू नका. इथल्या सगळ्या माझ्याच हातून शेवटाला गेल्या. कोरड्या मुलखातली बघा."

तशी एक गाडी ताईला माहीत होती. बापाचीच. ती धाकट्या भावाकडे होती, डोंगररांगेपलीकडच्या पठारावर, जिथे धुतलेला टॉवेल दोरीवर टाकून चहा पिऊन यावं तर कडक झालेला असतो. भाऊ दातांचा डॉक्टर. घर बापाचंच, आणि बाप गेल्यापासून गाडी घराशेजारच्या शेडमध्ये होती. दर रविवारी तो ती धुवायचा, पुसायचा, पॉलिश करायचा, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचा आणि परत झाकायचा. कामावर जायला त्याची स्वतःची नवी गाडी होती, बिनक्लचची. बापाची गाडी शेडबाहेर कधी गेलीच नव्हती.

ताईने फोनवर सरळ विचारलं, "बाबांची गाडी मला देतोस का?"

मग तो म्हणाला, "तू ये तर खरी. आलीस की बोलू."

ती बसने गेली. घाट चढून बस पठाराला लागली तेव्हा तिचे ओठ उलायला लागले होते. जेवताना भावाने विषय काढला नाही, म्हणून तिनेच काढला.

"नाही ताई," तो म्हणाला. "तुला दुसरी कुठलीही गाडी हवी तर मी शोधून देतो. ही नको. तिकडे नेलीस की पाच वर्षांत चाळण होईल तिची."

"होईल की. पण पाच वर्षं चालेल."

"इथे ती आहे तशी राहील."

"कोणासाठी?"

भाऊ पाणी प्यायला. भावजय ताटं गोळा करत होती. ती म्हणाली, "ताई, मला ताप आला तर मला एक चादर मिळते. तिला दोन आवरणं आहेत. मी कधी तक्रार केली नाही, पण आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते."

भाऊसुद्धा हसला. पण हो म्हणाला नाही.

त्याचं कारण तिघांनाही ठाऊक होतं, आणि त्यावर घरात कधी बोलणं झालं नव्हतं. बापाने दोन्ही मुलांना गाडी शिकवायला घेतली होती. ताईला ती पाण्यात मासा सोडल्यासारखी आली. भावाची गाडी बाजाराच्या चढावर बंद पडली, परत चालू केली तर परत पडली. मागे भोंगे वाजायला लागले, ओळखीची माणसं दुकानांतून बाहेर आली. बाप म्हणाला, "उतर. ताई, तू बस." एवढंच. त्यानंतर बापाने त्याला बोलावलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. पुढे तो शिकला, डॉक्टर झाला, गाडी त्याच्या वाट्याला आली. चालवता येत नव्हती म्हणून असेल, तो तिला जिवापाड जपत राहिला.

सकाळी तो तिला शेडमध्ये घेऊन गेला. दोऱ्या सोडल्या, वरचं प्लॅस्टिक काढलं, मग आतलं कापड. गाडी शोरूममधून आणल्यासारखी होती. ताई गोणपाट टाकून खाली सरकली. तळाला कारखान्यातला रंग तसाच. बोटाने वाजवलं तर पत्रा खणखणीत वाजला. ती जरा वेळ तिथेच पडून राहिली. आपल्या गाडीचा तळ असा तिने कधी पाहिलाच नव्हता.

"कशी आहे?" भावाने वरून विचारलं.

"दृष्ट लागेल अशी."

ती बाहेर आली, कपडे झटकले, पुढचं दार उघडून लावलं. परत उघडलं, परत लावलं.

"दारात काय वाजतंय?"

"काच असेल. जुनी आहे ना, सैल होते."

"काच खडखडते. हे डुचमळतंय." तिने दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. "इथली भोकं कुठे गेली?"

"ती होय, ती बुजवली मी," तो म्हणाला, जरा अभिमानानेच. "धूळ जायची आत. एकदा मुंग्या झाल्या होत्या. चारही दारं आणि खालचे पट्टे, सगळं सील केलं."

"अरे छोट्या, ती पाणी बाहेर जायला ठेवलेली असतात."

"इथे कुठलं आलंय पाणी? इथे पाऊस..." आणि तो थांबला. शेडच्या कोपऱ्यात नळ होता, नळाला रबरी पाइप लावलेला होता आणि बादलीवर कापड वाळत होतं.

तो घरात गेला. दवाखाना घराच्या पुढच्या खोल्यांतच होता. येताना त्याच्या हातात बारीक आकडी होती, दात तपासायची. तो गुडघ्यांवर बसला आणि दाराच्या तळाचं एक भोक कोरून काढलं. आधी काहीच आलं नाही. मग काळपट तांबडं पाणी आलं, धार लागून, आणि त्याच्या पायजम्यापर्यंत पसरत गेलं. त्याने पाय हलवला नाही. पाणी थांबल्यावर तो आकडीच्या टोकाने कडेवर टोचत पुढे सरकू लागला, सावकाश, जसा तो रोज माणसांच्या जबड्यात सरकायचा. दाराखालच्या लांब पट्ट्यापाशी टोक आत रुतलं. त्याने ते काढलं, थोडं पुढे लावलं. तिथेही रुतलं.

ताईला ते कुठे कुठे रुतणार ते दिसत होतं. तिने सांगितलं नाही. त्याने एक बाजू संपवली, मग दुसरी. मग उठून बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला.

"पोकळ आहे," तो म्हणाला. "वरून चकाकतंय आणि आतून गेलंय. असे दात रोज बघतो मी. लोक म्हणतात, डॉक्टर, आम्ही तर दोन्ही वेळ घासतो."

"फक्त पट्टे आणि दारांच्या कडा. तळ नवा आहे, वरचा सांगाडा नवा आहे. दुरुस्त होईल."

"मी हात लावला नसता तर काहीच झालं नसतं. इथली हवाच अशी आहे. नुसती उभी राहिली असती तरी टिकली असती."

"टिकली असती."

ती असं काही म्हणेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने वर पाहिलं.

"पण तुझ्याकडे होती म्हणून आज आहे तरी," ताई म्हणाली. "माझ्याकडे असती तर कधीच भंगारात गेली असती. तेही खरंच आहे."

आतून भावजयीने नाश्त्याला हाक मारली. भावाने आकडी पायजम्याला पुसली.

"घेऊन जा," शेवटी तो म्हणाला.

"तू आण चालवत. मी शेजारी बसते."

"मला नाही जमत ती."

"ते मला माहीत आहे. मी आयुष्यभर न जमणाऱ्यांच्याच शेजारी बसत आलेय."

"बाबांनी शिकवून पाहिलं, तरी..."

"बाबांना शिकवता येत नव्हतं," ताई म्हणाली. "मला आपोआप आलं आणि श्रेय त्यांनी घेतलं."

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. बापाबद्दल असं बोलता येतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

निघायला आठवडा लागला. कोरड्या हवेने लोखंड राखलं होतं, रबर राखलं नव्हतं. टायरला भेगा होत्या, ब्रेकच्या नळ्या वाकवल्या की तडकत होत्या, वायपरची पट्टी हात लावताच तुटली. मेकॅनिकने ते सगळं दोन दिवसांत बदललं. मग रोज दवाखाना बंद झाला की भाऊबहीण धान्याच्या गोदामामागच्या मोकळ्या आवारात जायची. सुरुवातीला ताई त्याला गाडी पुढे न्यायलाच द्यायची नाही, नुसता क्लच हळूहळू सोडायला लावायची.

"कानाने नको, टाचेने ऐक," ती म्हणायची. "इंजिनाची थरथर बदलते ना, तिथे थांब."

त्याचे हात नाजूक कामाला सरावलेले होते, पायांना तशी सवय नव्हती. तो घामाघूम व्हायचा. एका संध्याकाळी भावजय गंमत बघायला आली आणि गोदामाच्या पायरीवर बसून राहिली. गाडी पाचव्यांदा बंद पडली तेव्हा तिने पिशवीतून दाणे काढून खायला सुरुवात केली. भावाला हसू फुटलं, आणि हसतानाच क्लच बरोबर सुटला.

पठारावरचा सरळ रस्ता त्याने नीट पार पाडला. खिंडीच्या अलीकडे शेवटचा चढ होता. तिथे एक ट्रक बंद पडून वाहतूक थांबली होती. रांग हलली, आणि भावाची गाडी बंद पडली. मागे एक भोंगा वाजला, मग दोन-तीन एकदम. ताईच्या पायाशी या गाडीत पेडल नव्हते. तिने खिडकीबाहेर पाहिलं. कठड्यावर कोणीतरी भिजलेले मोजे वाळत टाकले होते, ती त्यांच्याकडे बघत बसली. भावाने गाडी चालू केली, ती पुन्हा बंद पडली. त्याने स्टिअरिंगवरून हात काढले, पँटला पुसले आणि परत ठेवले. तिसऱ्या वेळी गाडी एक हिसका देऊन वर सरकली आणि सरकत राहिली. बंद पडलेला ट्रक मागे पडला.

"भोंगे वाजत होते का गं?" त्याने विचारलं.

"वाजत होते थोडे."

खिंड ओलांडून खाली उतरताना काचेवर आतून वाफ धरली. शर्ट पाठीला चिकटला. भावाने खिडकी उघडली, तसा ओलसर वारा आत आला.

"गंज इथून सुरू का?"

"इथून सुरू," ताई म्हणाली.

डेंटरने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि खूष झाला. असा तळ त्याच्या हाताला कित्येक वर्षांत लागला नव्हता. ताईने भावाची ओळख करून दिली.

"तुम्हीही डेंटरच का?" त्याने विचारलं.

"डेंटिस्ट."

"म्हणजे बारीक कामं," डेंटर म्हणाला आणि ग्राइंडर चालू केला.

त्याने कुजलेले पट्टे कापून काढले, नवे बसवले, आत पातळ मेण सोडलं. जादाचे पेडल बसवले. भाऊ काम संपेपर्यंत थांबला. कापून काढलेला एक तुकडा त्याने हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि भंगाराच्या ढिगात टाकला. मग बसने घरी गेला.

गाडी कामाला लागली. औषधाच्या दुकानातल्या बाई तीवरच परीक्षा पास झाल्या. पुढच्या वर्षी मागच्या चाकाच्या कमानीवर गंजाचा पहिला फोड आला. ताईने भावाला ते फोनवर सांगितलं.

त्याने विचारलं, "चालते कशी?"

"छान चालते."

"मग असू दे."

सुट्टीत तो आणि भावजय राहायला आले. दुपारी ताई झोपली असताना त्याने किल्ली घेतली आणि एकटाच दीपगृहाच्या रस्त्याला जाऊन आला. आला तो शीळ घालत. रात्री नेहमीपेक्षा जास्त जेवला आणि कोणालाच काही बोलला नाही. सकाळी ताई शिकवायला निघाली तेव्हा तिला डावा मडगार्ड चेपलेला दिसला, त्यावर पांढऱ्या चुन्याचा ओरखडा. दीपगृहाच्या वळणावरचे दगड चुन्याने रंगवलेले असतात.

भाऊ अजून झोपला होता. तिने त्याला उठवलं नाही. जाता जाता गाडी डेंटरकडे लावली.

"कोणी केलं हे?" डेंटरने विचारलं.

"आहे एक शिकाऊ," ताई म्हणाली. "हात बसतोय हळूहळू."