कोरा कागद

बालवाडीच्या बाईंनी यंदा भिंतीवर प्रत्येक मुलाच्या घरच्या भाषेत ‘ये बाळा’ लिहिलेले कागद लावायचं मनावर घेतलं. एकच कागद कोरा उरला. तो ज्या पोरीचा, ती वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसलेली. शेवटी बाईंनी तिच्या आईलाच दारात गाठलं.

“तुमच्या भाषेत हिला कसं बोलावता?”

आई ओशाळली. “आता नाही बोलावत, बाई. घरची भाषा बंद करा, पोर लवकर शिकेल, असं गेल्या वर्षी तुम्हीच सांगितलंत ना.”

“मग घरी काय बोलता?”

“तुमची भाषा मला कुठे धड येते? जेव म्हणते, झोप म्हणते. बाकी गप्पच असतो आम्ही.”

बाईंनी स्केचपेनला टोपण लावलं. मुलीनं आईचा पदर ओढला आणि नुसतं बोटानं रस्त्याकडे दाखवलं.