भिंतीकडे तोंड

"काका, भिंतीकडे तोंड! बघायचं नाही, बोलायचं नाही!"

मी सोफ्यावर उभी राहून ओरडत होते आणि भिंगरी काकांच्या छातीवर दोन्ही पंजे ठेवून त्यांची हनुवटी चाटत होती. टोपी खाली, डब्याची पिशवी खाली, आणि काका हसत हसत, "अगं थांब गं बाई, आलो ना, आलो!"

दिवसभरात भिकनकाका एवढं एकच वाक्य मोठ्याने बोलायचे.

पप्पांचे हे धाकटे भाऊ. लग्न जमता जमता राहिलं, मग विषयच निघेनासा झाला. निफाडहून आले ते आमच्याच घरात राहिले. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर काम, संध्याकाळच्या सिटी बसने म्हसरूळला परत. भिंगरीही त्यांनीच आणलेली. वर्कशॉपमागच्या भंगारात कुत्रीचं पिल्लू सापडलं म्हणून डब्याच्या पिशवीत घालून घेऊन आले. आता वर्षाची होत आली होती आणि अंगात नुसती वीज! पडदे, चपला, माझं भूगोलाचं पुस्तक, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. त्यातच तिने जिन्यात वरच्या मनीषाकाकूंवर उडी मारली. त्या घसरल्या, मनगट मुरगळलं. पप्पा म्हणाले, "बास. सुधारली तर ठीक, नाहीतर मामाच्या मळ्यात."

मळ्यात म्हणजे साखळीला. ते मला चालणार नव्हतं.

आणि मी तेव्हा जाम फॉर्मात होते. आदल्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात पुटपुटणारी मी, नववीत वक्तृत्वात पहिली आले होते. ठणठणीत आवाजात सांगितलं की जग ऐकतं, असं माझं ठाम मत झालं होतं. कुत्र्यांचे व्हिडिओ पाहून मी घराला नियम लावले. कोणी आलं की भिंगरीने कोपऱ्यातल्या पोत्यावर जाऊन बसायचं; बसली की पोळीचा तुकडा. उडी मारली तर समोरच्याने पाठ फिरवायची आणि तिचे चारही पाय जमिनीला लागेपर्यंत ती घरात नाहीच असं वागायचं.

आई, पप्पा, अगदी दूधवाल्यानेही नियम पाळले. एकटे काका फितूर.

"तुमच्यामुळे बिघडते ती!" मी सोफ्यावरून खाली उतरलेच नाही. "आम्ही सगळे मेहनत घेतो आणि तुम्ही एका मिनिटात त्यावर पाणी फिरवता. तिला मळ्यात पाठवलं ना, तर ते तुमच्यामुळे!"

"निकिता, तोंड सांभाळ," आई म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या वहिनी." काकांनी टोपी उचलून झटकली. "बरोबर बोलती ती. मीच लय लाडावून ठेवली."

दुसऱ्या दिवसापासून काका आत आले की न सांगताच भिंतीकडे तोंड करून उभे राहायला लागले. हातात पिशवी, मान खाली, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे. भिंगरी त्यांच्याभोवती नाचायची, केकाटायची, त्यांच्या पँटला नाक घासायची. ते हलायचे नाहीत. पप्पा म्हणाले, "भिकन, तुला पण शिकवलं का रे हिने?" मीही हसले. हसतच त्यांचा व्हिडिओ काढला.

आणि भिंगरी शिकली! दार वाजलं की थेट पोत्यावर. मनीषाकाकू मनगटाला पट्टा बांधून स्वतः बघायला आल्या. "काय गं, काय जादू केलीस?" मी त्यांना अख्खं भाषणच दिलं.

मग एका संध्याकाळी मी गणितं सोडवत बसले होते. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "भाऊजी आले का गं?"

"नाही अजून."

"आलोय की," गॅलरीतून आवाज आला. काका तिथे मोजे पिळत होते. शर्ट तर केव्हाच धुऊन वाळत घातला होता.

आई चिमटा हातात घेऊन बाहेर आली. "अहो, मग चहा नाही का मागायचा?"

"असू द्या. आता जेवायचीच येळ झाली."

माझं गणित तिथेच राहिलं. आमच्या घरात काकांचा चहा भिंगरीच्या आवाजावर ठेवला जायचा. ती दाराकडे धावली की आई गॅस पेटवायची, पप्पा टीव्हीचा आवाज कमी करायचे, मी खुर्चीवरचं दप्तर उचलायचे. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. आता ती धावत नव्हती आणि काका लोटलेलं दार हळूच ढकलून आत यायचे, त्यामुळे ते आलेलेच कोणाला कळत नव्हते. किती दिवस त्यांना आल्याआल्या चहा मिळाला नव्हता? मला आठवेना. ते बोलले नव्हते, आणि मी विचारलं नव्हतं.

मी गॅलरीत गेले. "काका, तिला बोलवा ना. आता चालेल. थोडंसंच."

भिंगरी पोत्यावरून बघत होती. शेपटी हळूहळू हलत होती.

"नगं." काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "शिकली बिचारी. आता आपणच मोडलं तर तिला कळायचं नाय, खरं कोणतं. आन् मंग जायची मळ्यात."

"पण तुम्हाला..."

"मला काय? तू लय हुशार हाय, निकू." हे ते अगदी मनापासून म्हणाले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी क्लास बुडवून मी बस स्टॉपवर गेले. भिंगरी नाही तर मी! मी काय कमी उड्या मारते? बस थांबली, काका उतरले आणि मी भर रस्त्यात दोन्ही हात हलवत, "काकाऽऽ!"

त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं?"

"काही नाही! तुम्हाला घ्यायला आले."

"घरी काय झालं?"

"काही नाही हो काका. सहज आले."

"सहज?" त्यांनी मोबाइल काढून मिस कॉल आहेत का ते पाहिलं. "निकू, खरं सांग. दादा बरा हाय ना?"

मी देवाची शपथ घेतली, आईची घेतली. ते निघालेसुद्धा होते, जवळजवळ पळतच. मी मागे धावत "काही नाही झालं, काही नाही झालं" म्हणत राहिले, आणि जितकं म्हणावं तितकं ते खोटं वाटत होतं. जिना त्यांनी दोन-दोन पायऱ्या घेत चढला. दार ढकलून आधी पप्पांना पाहिलं. मग आईला. मग पोत्यावरच्या भिंगरीला. तेव्हा कुठे ते बूट न काढताच खाली टेकले आणि धापा टाकत बसले.

आईने ओट्यापासून वळून पाहिलं.

"हे काय भाऊजी, आज लवकर?"

काका रोजच्याच बसने आले होते.