तातेरावांच्या कोटाचं दुसरं बटण

मी पितळेचं बटण बोलतोय. माझ्या तोंडावर निजामाची दस्तार, म्हणजे पगडी, आहे. त्याच्या गादीच्या जुबिलीच्या साली मी हैदराबादेत घडलो आणि एका सरकारी चपराशाच्या शेरवानीवर बसलो. तो मला चिंचेनं घासायचा. मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं. शिंप्यानं कात्रीनं माझा धागा तोडला. दुखलं नाही. बटणाला दुखत नसतं.

जुम्मेरात बाजारात एका फाटक्या चादरीवर पडलो होतो, तिथून तातेरावांनी मला उचललं. ते कचेरीत कारकून, राहायला बरकतपुऱ्यात. गेलेल्या राजांची, जुन्या सभा-जलशांची बटणं जमवायचा त्यांना नाद. एका पुठ्ठ्यावर आम्ही चोवीस जण टाचलेलो.

"राजे जातात, बटनं राहतात," ते म्हणायचे.

"राहू द्या. लेकराच्या हाताला लागू देऊ नका म्हंजे झालं," त्यांची बायको मनकर्णा म्हणायची. लेकरू रांगत होतं, दिसेल ते तोंडात घालायचं. म्हणून ती रोज दुपारी आम्हाला बोट लावून मोजायची.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. तातेरावांना औरंगाबादेत हजर व्हायचा कागद आला. निघताना बघतात तर कोटाचं दुसरं बटण गायब. रिक्षावाला दारात ओरडत होता. मनकर्णा तीन दिवस झोपली नव्हती, लेकराला दात येत होते. तिनं अर्धवट झोपेतच हाताशी आलेलं बटण, म्हणजे मला, पुठ्ठ्यावरून उसवलं, कोटाला टाचलं आणि दातानं धागा तोडला.

दुपारी मोजलं. तेवीस.

पुढचं मी शेजारच्या सरुबाईच्या तोंडून नंतर ऐकलं. मनकर्णानं लेकराच्या तोंडात बोट घातलं, उलटं धरून पाठ थोपटली. दवाखान्यात म्हणाले, आपोआप पडेल, वाट बघा.

"केळी चार गं माय. माझ्या पोरानं चवन्नी गिळली होती, तिसऱ्या दिवशी पडली. रडू नक्को," सरुबाई म्हणाली.

"मी कुठं रडायली?"

खरंच ती रडत नव्हती. तीन दिवस केळी चारत होती आणि काडीनं लंगोट तपासत होती.

तेव्हा मी औरंगाबादेत नव्या साहेबासमोर उभा होतो. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

चौथ्या दिवशी तातेराव बिऱ्हाड न्यायला परत दारात आले. मनकर्णा केळं सोलत होती. तिची नजर कोटावर थांबली.

"काय झालं गं?"

"काही नाही. मीच लावलं होतं." सोललेलं केळं तिनं स्वतःच खाऊन टाकलं.

सरुबाईनं सगळं सांगितलं तेव्हा तातेराव लगेच उठले. पुठ्ठा घेऊन बाजारात गेले, रिकाम्या हातानं परत आले. मी कोटावर होतो म्हणून राहिलो.

आता आम्ही औरंगाबादेत आहोत. लेकरू चालायला लागलंय, पण अजून दिसेल ते तोंडात घालतं. मनकर्णा रोज सकाळी आधी मला चाचपते, मग लेकराच्या पोटावरून हात फिरवते. मला काहीच वाटत नाही. पण तिच्या बोटांनी माझा धागा झिजत चाललाय. दोनच पदर राहिलेत. मला सांगता येत नाही. तुम्ही कुणीतरी तिला सांगा.