वृश्चिकेचा धाक

माझा चंद्र वृश्चिकेत, म्हणून सासरी मला कुणी दुखवत नाही. "ही मनात ठेवते आणि वेळ आली की नांगी मारते," असं सासूबाईंनी माझी पत्रिका पाहून सगळ्या घराला बजावलं होतं. थोरल्या जावेवर त्या भांडी आदळत ओरडतात, माझ्याशी मात्र जपून बोलतात. खरं तर दार आपटलं तरी मी दचकते.

आज मावशी आली. ती नर्स होती, माझा जन्म तिच्याच हातून झाला. चहा पिताना सहज म्हणाली, "सकाळी सातला झालीस तू, कोवळ्या उन्हात."

पत्रिकेत संध्याकाळचे सात आहेत. मी मोबाइलवर वेळ बदलून पाहिली, तर चंद्र तुळेत निघाला. भांडण टाळणारी, पडतं घेणारी, सगळं सोसणारी रास. तेवढ्यात जिन्यात सासूबाईंच्या चपला वाजल्या.

"मावशी, पाया पडते तुझ्या. वेळेची ती चूक त्यांच्यासमोर काढू नकोस."

"चूक कसली?" मावशीने कप खाली ठेवला. "लग्न ठरल्यावर त्यांनी पत्रिका मागितली, तेव्हा वेळ मीच लिहून दिली. आधी तुझी सासू पाहिली, मग लिहिली."