भिंतीपलीकडची सही

मी लोहाराचा भाता बोलतोय. पोटात हवा घ्यायची आणि विस्तवावर सोडायची, एवढंच मला येतं. आता विस्तव नाही आणि हवा भरणारं कुणी नाही, म्हणून बोलतोय. गोड बोलायची सवय आमच्या भट्टीत कुणालाच नव्हती. तोंडावर सांगतो, ऐकायचं तर ऐका.

मला आमच्या लोहार म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं बनवलं. तेव्हा तो म्हातारा नव्हता. दोन फळ्या, मधे म्हशीचं कातडं, खाली झडप, पुढे लोखंडी नळी. कातडं शिवताना सुई त्याच्या बोटात तीनदा घुसली आणि तिन्ही वेळा शिव्या मला बसल्या. चूक सुईची, शिव्या मला. तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते तापलंय.

बायको लवकर गेली. मुलगा धुराला कंटाळून शहरात नोकरीला लागला. मुलगा वाईट नव्हता. फोन करायचा, औषध पाठवायचा. पण आला की नाकाला रुमाल लावून दारातच उभा राहायचा. घरात म्हातारा, भट्टीत मी. दोघांनी एकमेकांकडे बघायचं आणि दिवस ढकलायचा.

मग त्याची भाची आली, मेलेल्या बहिणीची मुलगी. तिचा नवरा वारला होता. हातात एक ट्रंक. म्हणाली, "मामा, चार दिवस राहते." अकरा वर्षं राहिली.

पहिल्या दिवशी तिनं मला असा हिसका दिला की माझी शिवण कुरकुरली. म्हातारा खेकसला, "दाराची कडी आहे का ती? श्वास घेतेस तसा ओढ." तिनं तसा ओढला. एवढ्या वर्षांत मला नीट ओढणारी तीच. दोन वर्षांत तिनं हातोडा घेतला. पाचव्या वर्षी गिऱ्हाईक म्हणायला लागलं, विळा बाईच्या हातचा द्या. म्हातारा तो विळा उलटसुलट करून बघायचा आणि म्हणायचा, "चालेल." यापुढचं कौतुक त्याला ठाऊकच नव्हतं. पुढे त्याचे हात कापायला लागले. मग तो खोक्यावर बसून नुसत्या चुका काढायचा आणि ती काम करायची.

आता भिंतीपलीकडच्या माणसाचं सांगतो. तिकडे सुतार राहायचा. बैलगाडीचं चाक तो करायचा, त्यावर लोखंडी धाव आमचा म्हातारा चढवायचा. निम्मी हयात दोघं एका ताटात जेवले. एक दिवस एका चाकाची धाव भर रस्त्यात निघाली. म्हातारा म्हणाला, चाकच वाकडं होतं. सुतार म्हणाला, धाव गार झाल्यावर चढवलीस. झालं. नऊ वर्षं दोघं बोलले नाहीत. सुताराला खोकला लागला की म्हातारा हात वर करून मला थांबवायचा, कान देऊन ऐकायचा. खोकला थांबला की म्हणायचा, "हं, ओढ." याला भांडण म्हणायचं का काय, मला आजवर कळलेलं नाही.

एकदा छातीत दुखल्यावर म्हाताऱ्यानं ठरवलं. घर मुलाला, भट्टी आणि हत्यारं भाचीला. ती म्हणाली, "मामा, वकिलाला एकदा दाखवून घेऊ."

"माझी भट्टी मी कुणाला द्यायची ते वकील सांगणार? त्याला सांडशी तरी धरता येते का?"

कागद त्यानं स्वतः लिहिला. कोळशानं माखलेला अंगठा कागदाला लागला तो लागलाच. तेव्हा कोयत्याला धार लावायला पोस्टमन आलेला होता. तो म्हणाला, दोन साक्षीदार लागतात. म्हाताऱ्यानं त्याच्यासमोर सही केली, पोस्टमननं खाली आपली ठोकली.

"आणि दुसरा कोण?" पोस्टमननं विचारलं.

म्हाताऱ्यानं एक निखारा पुढे सारला. मग भिंतीकडे मान हलवून म्हणाला, "हा."

भाची म्हणाली, "मामा, तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही."

"मी बोलत नाही. पण तो खोटं बोलत नाही. उद्या कुणी विचारलंच, तर त्याचा शब्द खोडायची कुणाची छाती नाही."

"मग हाक मारा ना त्यांना."

"मी हाक मारू? तू जा कागद घेऊन."

ती गेली. परत आली तेव्हा दुसरी सही झालेली होती.

"काही म्हणाला का?"

"पूर्ण वाचलं. म्हणाले, बरं केलं."

त्या दुपारी, भट्टीत तापवायला काही नसताना, म्हातारा कापऱ्या हातांनी मला कितीतरी वेळ ओढत बसला.

त्यानंतर तो चौदा महिने जगला. चौदा महिने. यातल्या कुठल्याही दिवशी चूक दुरुस्त झाली असती. पण चूक झालीय हे आम्हाला कुणी सांगायचं? सांगणारी माणसं कचेरीत बसतात आणि तिकडे जायचं म्हाताऱ्याच्या जिवावर यायचं.

तो गेल्यावर मुलगा आला. आतेबहिणीला म्हणाला, "ताई, तुझ्यावर राग नाही माझा. पण जागा रस्त्याला लागून आहे. घेणारा घर आणि भट्टी एकत्रच मागतोय. आणि कायद्यानं सगळं माझ्याकडेच येतं."

तिनं कागद काढला. मुलानं हरकत घेतली. तेव्हा कुठे ती वकीलबाईंकडे गेली. बाई भट्टी बघायला आल्या, ऐरणीपाशी उभ्या राहून कागद वाचला. मला वाटलं, आता चांगलं काही ऐकायला मिळेल.

"सही करताना दोन्ही साक्षीदारांनी बघितलं होतं ना?"

"एकानं बघितलं. सुतारकाकांकडे मी नंतर नेला."

"निदान मामांनी त्यांना पुढे कधी स्वतः सांगितलं असेल, की ही सही माझी आहे?"

"ते बोलतच नव्हते."

बाईंनी कागदाची हळूच घडी घातली. "मुलगा हयात असताना भाचीला द्यायचं, म्हणजे हरकत येणार हे धरूनच चालायचं. अशा वेळी सही करायच्या आधी यायचं असतं. दोन साक्षीदार समोर बसवायचे, आधी देणाऱ्यानं त्यांच्यादेखत सही करायची, मग त्यांनी त्याच्यादेखत. अर्ध्या तासाचं काम होतं हो."

अर्धा तास. चाकाला धाव चढवायला याहून जास्त वेळ लागतो.

कोर्टात काय झालं ते मला सुताराच्याच तोंडून कळलं. निकालाच्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या दारात आला. भांडणानंतर पहिल्यांदाच. उंबऱ्याबाहेरच थांबला. भाची हत्यारं पुसत होती.

"ये म्हणशील का?" त्यानं विचारलं.

"या."

तो आत येऊन खोक्यावर बसायला गेला, मग उभाच राहिला. "मुलाच्या वकिलानं विचारलं, सही करताना पाहिलंत का? मी म्हणालो, नाही. मग विचारलं, ही सही माझी असं त्यानं तुम्हाला सांगितलं होतं का? मी म्हणालो, नऊ वर्षांत त्यानं मला काहीच सांगितलं नाही. लोक हसले. कागद टिकला नाही, पोरी."

पुसता पुसता ती म्हणाली, "काका, पाहिलं म्हणाला असतात तर?"

"तर खोटं झालं असतं."

"हो." तिनं सांडशी खाली ठेवली. "मामा म्हणाले होते, तुम्ही खोटं बोलत नाही. म्हणून तर तुमची सही घेतली."

सुतारानं भिंतीला हात टेकला. "एक हाक मारायची होती त्यानं. मी आलो असतो गं. चाक वाकडं होतं, हेसुद्धा कबूल केलं असतं." मग तो गेला.

आता ती दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला जाते. मुलगा म्हणाला होता, भाता हवा तर ने. तिनं मला खाली उतरवलं, धूळ झटकली आणि परत ठेवलं. तिकडे विजेचा पंखा आहे, बटण दाबलं की वारा. मी तिला दोष देत नाही. मला कुठे ठेवणार ती?

दाराला कुलूप आहे. तेल न लागल्यानं माझं कातडं घडीघडीवर तडकतंय. दिवसभर कुणाचा आवाज नाही, शिवीसुद्धा नाही. जागा घेणाऱ्याची माणसं पुढच्या आठवड्यात पाडापाडी सुरू करणार आहेत.

तुमच्याकडे कुणाला द्यायचं काही असेल, तर उठा आणि वकिलाकडे जा. कागद लिहिण्याआधी जा. आणि ज्याच्या शब्दावर तुमचा एवढा भरवसा आहे, त्याला समोर बसवून सही करा. रुसलेला असला तर जिवंतपणी हाक मारा. माझ्या म्हाताऱ्याला ती एक हाक जड गेली, आणि माझ्यात भरायला आता कुणाचा श्वास उरला नाही.