पूर्णिमाच्या उजव्या गुडघ्याचा पट्टा

मित्रांनो, दुखऱ्या गुडघ्याला बांधतात ना, तसला मी एक जुना पट्टा आहे. नाक मुरडू नका. घामाचा वास येतोय तो माझा नाही, पूर्णिमाचा आहे. पूर्णिमा म्हणजे तीच, जिचे बास्केटबॉल खेळतानाचे फोटो आपल्या पुण्यातल्या पेपरांत झळकायचे.

अकरा वर्षांपूर्वी उडी मारून उतरताना तिचा उजवा गुडघा दुखावला. नुकताच एका व्यावसायिक संघाशी तिचा करार झाला होता. गुडघ्याचं कळलं असतं, तर तिला घरी बसवलं असतं. म्हणून स्वारगेटजवळच्या सर्जिकलच्या दुकानातून तिने मला गुपचूप आणलं. प्रत्येक सामन्याआधी बाथरूमची कडी लावून ती मला आवळायची आणि वरून लांब काळी लेगिंग चढवायची. "आज सांभाळ रे बाबा," एवढंच म्हणायची. मी सांभाळलं. दोनदा माझी शिवण उसवली, तीही तिने स्वतःच्या हाताने घातली. काय अभिमान वाटायचा मला तेव्हा!

मग ती निवृत्त झाली. सत्कार ठरला. तासभर उभं राहायचं म्हणून त्या दिवशीही साडीखाली मी होतोच. भाषणात तिने बुटांचे आभार मानले, चेंडूचे मानले, डबा देणाऱ्या विमलाबाईंचेही मानले. माझं नाव नाही. ठीक आहे, मला हारतुरे नकोच होते. पण इतकी वर्षं तंदुरुस्त कशा राहिलात, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणते कशी, "मला कधी दुखापत झालीच नाही." मी गारच पडलो. पुढे बूट काचेच्या कपाटात गेले. मी स्कूटरच्या डिकीत, सीट पुसायला.

तेही मी गिळलं असतं. पण आता ती मुलींना शिकवते. त्यात ऋतिका नावाची एक उंच, जिद्दी मुलगी आहे. महिनाभर तिचा गुडघा सुजत होता. मॅडम, तुम्हाला कधीच दुखलं नाही का, असं तिने भीतभीत विचारलं. कधीच नाही, मन घट्ट ठेवलं की दुखत नाही, असं उत्तर मिळालं. पोरीने विश्वास ठेवला आणि दातओठ खाऊन उड्या मारत राहिली. मी डिकीत नुसता तडफडत होतो. अगं बये, सांग ना तिला खरं!

परवा ऋतिका मैदानावर कोसळली ती उठेचना. पूर्णिमा धावत आली, डिकी उघडून तिने मला उचललं. मला वाटलं, चला, आता तरी बोलेल. तिने मला पोरीच्या गुडघ्यावर आवळलं. ऋतिका रडता रडता माझ्याकडे बघत होती.

"हा कुणाचा आहे, मॅडम?"

पूर्णिमाने मान खाली घातली.

"कुणाचा तरी. पडून होता."

आता डॉक्टरांनी ऋतिकाला वर्षभर खेळायला बंदी केली आहे. भेटायला येईल त्याला ती सांगते, मीच कच्ची निघाले, आमच्या मॅडमना तर कधी काही झालं नाही. मी तिच्या उशाशीच असतो, पण माझं बोलणं तिला ऐकू जात नाही. मित्रांनो, मला काचेत ठेवू नका, फेकून दिलंत तरी चालेल. फक्त ती भेटली तर तिला एवढं सांगा, की हा पट्टा तुझ्या मॅडमचाच आहे.